गिअरबॉक्सची कुरकुर वेळीच ओळखा

खास प्रतिनिधी

मोटारीची देखभाल म्हटली, की बहुतेक वाहनधारकांच्या डोळ्यांसमोर इंजिन ऑइल, ब्रेक, टायर आणि बॅटरी एवढेच येते. गिअरबॉक्स या यादीत सहसा नसतो. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये बसून गाडीचा सगळा भार वाहणाऱ्या या पेटीकडे आपले लक्ष जाते, ते ती बिघडल्यावरच. तोवर किरकोळ काम मोठ्या खर्चाचे झालेले असते.

वास्तविक गिअरबॉक्स हा मोटारीतील दीर्घायुषी भाग आहे. योग्य तेल आणि चालकाच्या बऱ्या सवयी एवढ्या बळावर दीड-दोन लाख किलोमीटर एकदाही न उघडता चाललेले गिअरबॉक्स आपल्या रस्त्यांवर पुष्कळ आहेत. शिवाय तो सहसा अचानक दगा देत नाही. आधी आवाज करतो, दांडी जड होते, एखादा गिअर पडताना खरखरतो. या खुणा ओळखता आल्या, तर दोन फायदे होतात. एक म्हणजे काम वेळीच होते. दुसरा फायदा त्याहून मोठा. ज्या गाडीचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे, तिचा गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरवला जात नाही.

या दुसऱ्या फायद्याचा अनुभव प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतः घेतला आहे. सेकंडहॅण्ड घेतलेल्या छोट्या गाडीचा रिव्हर्स गिअर टाकताना करकर आवाज येऊ लागला, पुढे पहिला गिअरही अडू लागला. एका गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निदान झाले, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आतले दात गेलेत.’ खर्चाचा आकडा ऐकून निर्णय चार दिवस पुढे ढकलला. दरम्यान ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली. इंजिन बंद करून त्यांनी पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. सगळे लोण्यासारखे पडले. ‘आत काही नाही, क्लच पूर्ण सुटत नाही,’ असे म्हणून त्यांनी ताणली गेलेली क्लच केबल बदलली. अर्ध्या तासात गाडी पूर्ववत झाली.

गिअरबॉक्सच्या बहुतेक तक्रारींत हाच क्रम उपयोगी पडतो. आधी तेल, मग क्लच, मग दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी आणि या तिन्हींत दोष सापडला नाही, तरच गिअरबॉक्स. स्वस्तापासून महागाकडे जाणारा हा क्रम मोडला, की नुकसान वाहनधारकाचे होते.

गिअरबॉक्स नेमके काय करतो?

इंजिन फार कमी फेऱ्यांवर ताकद देऊ शकत नाही आणि फार जास्त फेऱ्या त्याला सोसत नाहीत. चाकांना मात्र कधी चढावर सावकाश पण जोरात, तर कधी महामार्गावर वेगाने पण हलके फिरायचे असते. हा मेळ गिअर घालतात. छोट्या गाडीत पहिल्या गिअरचे प्रमाण साधारण साडेतीनास एक, तर पाचव्याचे एकापेक्षा कमी, सुमारे ०.८ असते. त्यापुढे डिफरन्शिअलपाशी आणखी सुमारे चारपट घट होते. हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या २१४ फेऱ्या होतात. चाकाचा परीघ पावणेदोन मीटर धरला, तर वेग ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच फेऱ्यांना पाचव्या गिअरमध्ये वेग ९८ किलोमीटर होतो. वेग चौपटीहून अधिक वाढला, तेवढ्याच पटीत चाकावरील जोर घटला.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. अशा गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच कवचात असतात आणि दोन्हींना सहसा एकच तेल पुरते. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत मागील अॅक्सलवरचे डिफरन्शिअल वेगळे असते व त्याचे तेलही वेगळे बदलावे लागते. जीपसारख्या गाड्यांचे मालक हे दुसरे तेल अनेकदा विसरतात.

गिअर बदलताना फिरणाऱ्या दोन भागांचा वेग जुळावा लागतो. पूर्वी हे काम चालकालाच करावे लागे. एक गिअर काढायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग पुढचा टाकायचा. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅकने सिंक्रोमेश पद्धत बाजारात आणली आणि हा उपद्व्याप हळूहळू संपला. या पद्धतीत प्रत्येक गिअरपाशी एक शंकूच्या आकाराची रिंग असते, बहुधा पितळी. दात एकमेकांत शिरण्यापूर्वी ही रिंग घर्षणाने दोन्हींचे वेग जुळवते. या कामाला तिला सेकंदाचा काही भाग लागतो. दांडी झटक्याने ओढणारा चालक तो अवधी देत नाही आणि रिंग लवकर झिजते. अनेक गाड्यांत रिव्हर्सला ही सोय नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबल्यावरच रिव्हर्स टाकावा.

तेलाची निवड आणि बदल

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल जळत नाही, त्यामुळे ते कायम पुरते असा समज आहे. तो खरा नाही. दातांच्या दाबाखाली तेलाचा दाटपणा घटतो, त्यातील रसायने संपतात आणि रिंगांची झीज तेलातच साठत जाते. काही कंपन्या पुस्तिकेत ‘आयुष्यभराचे तेल’ असे लिहितात. हे आयुष्य गाडीच्या पहिल्या मालकाचे, की पाचव्याचे, याचा खुलासा तेथे नसतो. पुस्तिकेत बदलाचे अंतर दिले असेल, तर ते पाळावे. दिले नसेल आणि गाडी शहरी गर्दीत, घाटांत किंवा पूर्ण भरून चालत असेल, तर ५० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान एकदा तेल बदलणे शहाणपणाचे. छोट्या गाडीला साधारण दोन-अडीच लिटर तेल लागते. पुढे येऊ शकणाऱ्या दुरुस्तीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

तेल कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे दाटपणाचा क्रमांक, उदाहरणार्थ ७५ डब्ल्यू-८० किंवा ७५ डब्ल्यू-९०. दुसरी म्हणजे दर्जाची खूण, जीएल-४ किंवा जीएल-५. क्रमांक मोठा म्हणजे तेल सरस, असा गैरसमज येथे महागात पडतो. जीएल-५ तेलात प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने अधिक असतात. मागील अॅक्सलच्या डिफरन्शिअलला ती हवीच असतात. पितळी रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये मात्र तीच रसायने पितळावर परिणाम करू शकतात आणि तेल जास्त निसरडे झाल्याने रिंगेला पकड मिळत नाही. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल, तर जीएल-४च घालावे. गरजेपेक्षा दाट तेल घातले, तर सकाळी गाडी थंड असताना गिअर जड पडतात. नाशिककडच्या थंडीत हा अनुभव हमखास येतो.

बदलण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे आणि गाडी सपाट जागी उभी करावी. प्रथम तेल भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे, मगच तेल काढण्याचा बोल्ट उघडावा. उलट केले आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागीच उभी राहते. बोल्टचा वॉशर नवा घालावा. भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत तेल येऊन ओघळू लागले, की पातळी बरोबर झाली. ज्या गाड्यांत पातळी मोजण्याची वेगळी पद्धत सांगितली आहे, तेथे पुस्तिका प्रमाण मानावी. घरी काम करणाऱ्यांनी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे.

बाहेर आलेले तेल टाकण्यापूर्वी पाहावे. अनेक गाड्यांत बोल्टला चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. लोखंडी कपच्या किंवा दाताचा तुकडा सापडला, तर आत काही तुटले आहे. तेलात सोनेरी चकाकी असेल, तर पितळी रिंगा झिजत आहेत. तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे.

पावसाचे पाणी

पाणी आत जाते कसे, हा प्रश्न अनेकांना पडतो. गिअरबॉक्स पूर्ण बंद नसतो. तापल्यावर आतील हवा बाहेर जावी म्हणून त्याच्या माथ्यावर एक छोटे श्वासछिद्र असते. गरम गिअरबॉक्स अचानक पाण्यात बुडाला, की आतील हवा आकसते आणि छिद्रातून, तसेच जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. तशा प्रसंगानंतर वाहनधारकाचे लक्ष इंजिन आणि विजेच्या तारांकडे जाते, गिअरबॉक्सचे पाणीमिश्रित तेल तसेच राहते. पाण्यामुळे बेअरिंगवर गंज चढतो आणि काही महिन्यांनी गुणगुण सुरू होते. तेव्हा पावसाचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. गाडी चाकाच्या मध्यावर पाणी येईल इतक्या पाण्यात काही वेळ उभी राहिली असेल, तर गिअरबॉक्सचे तेल उघडून पाहावे. ते दुधाळ असेल, तर बदलावे, थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे.

आधी क्लच तपासा

गिअरबॉक्सच्या नावाने येणाऱ्या तक्रारींपैकी अनेक प्रत्यक्षात क्लचच्या असतात. क्लचचे दोष दोन प्रकारचे. एक म्हणजे क्लच पकडत नाही, दुसरा म्हणजे सुटत नाही.

पकडत नसेल, तर प्लेट झिजलेली असते. ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने, वरच्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच सरकतो आहे. चढावर जळका वास येणे, पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलणे, ही याचीच लक्षणे. प्लेट किती टिकते याला ठरावीक उत्तर नाही. तीच गाडी एकाच्या हातात ४० हजार किलोमीटरमध्ये क्लच संपवते, दुसऱ्याच्या हातात लाखाच्या पुढे जाते.

सुटत नसेल, तर गिअर पडताना त्रास होतो. याची परीक्षा अनुभवात सांगितलेलीच आहे. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनात ते सहज पडतात आणि चालू इंजिनात अडतात, याचा अर्थ दोष क्लच सुटण्यात आहे. केबल असलेल्या गाडीत केबल ताणलेली किंवा आत तुटत आलेली असू शकते. पातळ द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये द्रवाची पातळी, मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती पाहावी. हा द्रव म्हणजे ब्रेकचेच ऑइल. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे.

बंद इंजिनातही गिअर अडत असतील, तर जोडणी पाहावी. गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल किंवा सळ्या जातात. त्यांच्या टोकांना रबरी वा प्लास्टिकचे बुश असतात. ते झिजले, की दांडी सैल डुलते, तिसरा टाकायला जावे तर पहिला लागतो. इंजिनाचे फाउंडेशन तुटले असेल, तरी इंजिन हलून गिअर नीट बसत नाही. ही कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात.

आवाजावरून निदान

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी वाहनधारकाने आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, एवढे कागदावर लिहून न्यावे. निदानाचे निम्मे काम त्यानेच होते.

* न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते : गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचे बेअरिंग.
* उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो : क्लचचे रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो, पण हे बेअरिंग बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत तो उतरवावा लागतो.
* एकाच गिअरमध्ये शीळ किंवा गुणगुण : त्या गिअरचे दात झिजले आहेत.
* एकच गिअर टाकताना खरखर, बहुधा दुसरा : त्या गिअरची सिंक्रो रिंग.
* चालताना गिअर आपोआप सुटतो : दात, फोर्क किंवा गिअर जागी धरणारी स्प्रिंग झिजली आहे. त्याआधी जोडणी आणि फाउंडेशन तपासून घ्यावे.
* वेगाबरोबर वाढणारी, गिअर कोणताही असो तशीच राहणारी घूं घूं : बहुधा चाकाचे बेअरिंग, क्वचित डिफरन्शिअल.
* स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कट कट : सीव्ही जॉइंट. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेल्याने हे होते.

शेवटचे दोन आवाज गिअरबॉक्सचे समजून भलतीच दुरुस्ती झाल्याचे प्रकार घडतात. गळतीच्या बाबतीतही थोडी पारख हवी. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. स्वच्छ पाणी एसीचे असते. काळे तेल इंजिनाचे, मधाच्या रंगाचे, दाट आणि उग्र गंधकी वासाचे तेल मॅन्युअल गिअरबॉक्सचे, तर लालसर पातळ तेल बहुधा ऑटोमॅटिकचे. गळती बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून होते. सील स्वस्त असते. मात्र गळतीने पातळी उतरून गिअरबॉक्स कोरडा चालला, तर बेअरिंगे काही दिवसांत जातात.

ऑटोमॅटिकचे चार प्रकार

शहरी वाहतुकीमुळे क्लचविरहित गाड्यांची संख्या वाढली आहे. परंतु ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दामागे चार वेगळ्या यंत्रणा आहेत आणि त्यांची देखभालही वेगळी आहे.

पहिला प्रकार एएमटीचा. २०१४ साली मारुती सेलेरिओमधून ही पद्धत भारतातील सर्वसामान्यांच्या गाडीत आली. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे क्लच प्लेट येथेही झिजते. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे ही ती जाळण्याची खात्रीची पद्धत. प्लेट बदलल्यावर संगणक जोडून यंत्रणेला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. ही सोय नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नये.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. ही सर्वांत जुनी आणि दणकट पद्धत. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये हायड्रा-मॅटिक हा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्यानंतर थोड्याच वर्षांत टॉर्क कन्व्हर्टर रूढ झाले. येथे तेल केवळ वंगण नसते. ताकद वाहून नेणे, गिअर बदलणे आणि थंड ठेवणे ही तिन्ही कामे तेच करते. ते तापून तपकिरी झाले आणि जळका वास येऊ लागला, की गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. तेल खाली सोडून भरले, तरी कन्व्हर्टरमध्ये जवळपास निम्मे जुने तेल राहते. म्हणून काही अंतराने दुसऱ्यांदा बदलणे उपयुक्त ठरते.

तिसरा प्रकार सीव्हीटीचा. यात ठरावीक गिअर नसून दोन पुलींमधून पोलादी पट्टा फिरतो. पुलींचा व्यास कमी-अधिक होऊन वेग बदलतो. पट्टा पुलीवर न घसरता चालणे हे तेलाच्या विशिष्ट गुणांवर अवलंबून असते. त्यामुळे सीव्हीटीला सीव्हीटीचेच, पुस्तिकेत नमूद केलेले तेल हवे. ‘सगळे ऑटोमॅटिक तेल सारखेच’ असे सांगणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.

चौथा प्रकार दुहेरी क्लचचा. एका क्लचवर विषम, दुसऱ्यावर सम गिअर असतात. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडालेले, काहींत कोरडे असतात. तेलातील प्रकाराला ठरलेल्या अंतरावर तेल व गाळणी बदलावी लागते. कोरड्या प्रकाराला गर्दीत इंचाइंचाने सरकणे मानवत नाही. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून गाडी पुढे घ्यावी.

चारही प्रकारांत काही पथ्ये समान आहेत. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’मधून ‘आर’मध्ये जाऊ नये. ‘पी’ची सोय असलेल्या गाडीत उतारावर उभे करताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’, म्हणजे गाडीचा भार आतील छोट्या खिळीवर येत नाही. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ नये. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली, तर आतील भाग तेलाविना फिरतात. ताकद मिळणारी चाके उचलून किंवा सपाट ट्रकवरूनच ती न्यावी. विजेवरील गाड्यांत बहुधा एकच गिअर असतो, पण त्यालाही स्वतःचे तेल आहे. पुस्तिकेतील तेवढे पान वाचून ठेवावे.

चालकाच्या सवयी

गिअरबॉक्सचे आयुष्य ठरवणाऱ्या सवयी साध्या आहेत. डावा पाय क्लचवर विसावलेला ठेवू नये, नुसत्या पावलाच्या वजनानेही रिलीज बेअरिंग फिरत राहते. पेडर रोडसारख्या चढावर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलण्याऐवजी हँडब्रेक ओढावा. डावा हात गिअरच्या दांडीवर टेकवून गाडी चालवू नये. हाताचा सततचा दाब आतील फोर्कवर येऊन तो झिजतो. पाचव्या गिअरमध्ये ताशी तीसच्या वेगाने गाडी रेटू नये.

घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. शिवाय यात बचतही नाही. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, की इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम खंडाळ्यापासून आंबोलीपर्यंत सर्वत्र लागू पडतो.

गॅरेजमध्ये जाताना

सगळे तपासून अखेर गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर पर्याय तीन. झिजलेले भाग बदलून मूळ गिअरबॉक्स दुरुस्त करणे, दुरुस्त केलेला तयार गिअरबॉक्स घेणे किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याची नाना पेठ अशा बाजारांतून जुना मिळवणे. रिंग, बेअरिंग, सील एवढेच गेले असेल, तर पहिला पर्याय चांगला. कवचाला तडा गेला असेल किंवा अनेक गिअर तुटले असतील, तर उरलेले दोन. जुना घेताना त्याचा क्रमांक आणि प्रमाण आपल्या गाडीशी जुळते का, हे पाहावे. शाफ्ट हाताने फिरवून पाहावा, तेल उघडून बघावे आणि चाचणीच्या मुदतीची लेखी हमी घ्यावी.

मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचाच असतो. त्यामुळे तो खाली असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, शाफ्टची सील आणि इंजिनाच्या मागील बाजूचे ऑइल सील तपासून गरजेप्रमाणे बदलावे. शंभर-दोनशे रुपयांचे सील वाचवले आणि ते तीन महिन्यांनी गळू लागले, तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग जळून निळा पडला आहे का, तेही पाहून घ्यावे.

काम देण्यापूर्वी तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, अंदाजे खर्च लेखी मागावा, उघडलेला गिअरबॉक्स स्वतः पाहावा आणि बदललेले जुने भाग परत घ्यावेत. नीट काम करणारा मेकॅनिक या मागणीने रागावत नाही, उलट झिजलेली रिंग हातात देऊन दाखवतो. पक्के बिल जपून ठेवावे. दुरुस्तीतील हलगर्जीपणा हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीत मोडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर प्रथम तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना शुल्कही लागत नाही. बिलच नसेल, तर मात्र यांपैकी कोणताही मार्ग फारसा उपयोगी पडत नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी गिअरबॉक्सचे तेल शेवटचे कधी बदलले, एवढी एकच चौकशी वाहनधारकांनी करावी. उत्तर मिळाले नाही, तर ते कधीच बदललेले नाही असे समजून काम तेथूनच सुरू करावे.